लाइव्ह रॉक टाकलाय, मासे कधी?

सध्या माझ्या टँकमध्ये खारं पाणी, वाळू आणि दगड एवढंच आहे. जो येतो तो विचारतो मासे कधी आणणार, आणि अमोनिया शून्यावर आला की, असं सांगितलं की विषय बदलतो.

तर सायकलिंगबद्दल (म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये पुरेसे वाढेपर्यंतचा काळ) थोडं, कारण लाइव्ह रॉकवाल्या टँकलाही सगळे सर्रास ड्राय रॉकचेच, म्हणजे जीव नसलेल्या कोरड्या दगडाचेच, सल्ले देतात आणि ते मला अजिबात पटत नाही. लाइव्ह रॉक म्हणजे सच्छिद्र दगड, बऱ्याचदा जुन्या कोरलचा सांगाडाच, त्यात बॅक्टेरिया तर असतातच पण स्पंज, शेवाळ, किडे, बारीक कोळंबीसारखे जीव असं सगळं गावच वस्तीला असतं. पाण्याबाहेरच्या प्रवासात यातलं काही ना काही मरतं, ते टँकमध्ये सडतं आणि अमोनिया तयार होतो. त्यामुळे सायकल सुरू करायला मेलेली कोळंबी टाका, एखादा स्वस्त मासा सोडा वगैरे काही करायची गरज नसते (सायकलसाठी मासा तर कुठल्याच टँकमध्ये सोडू नका, उगाच जळतो बिचारा). बॅक्टेरियाचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो, आणि दगडाच्या आत जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथले बॅक्टेरिया नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात, हे शेवटचं काम साध्या फिल्टरच्या स्पंजला फारसं जमत नाही.

आता सल्ल्यांचं. 'सायकल चालू असताना पाणी बदलू नका' हे सगळीकडे वाचायला मिळतं. कोरडा दगड असेल तर ठीक आहे, तिथे मरण्यासारखं काहीच नसतं. पण लाइव्ह रॉकवर अमोनिया चढू दिला तर ज्या जिवंतपणासाठी जास्त पैसे मोजले तोच मरतो, मग अजून सडतं, मग अजून अमोनिया. म्हणून मी रोज टेस्ट करतो आणि १ पीपीएमच्या (दहा लाखात एक भाग) आसपास गेला की सरळ पाणी बदलतो. बॅक्टेरिया वाहून जातील ही भीती खोटी आहे, ते पाण्यात कमी आणि दगडावर-वाळूवर चिकटलेले जास्त असतात. तसंच बाटलीतून अमोनिया टाकून २ पीपीएम करायचा, २४ तासांत शून्य होतो का बघायचं, ही टेस्टही कोरड्या दगडासाठीच ठेवा.

दगड नाकाजवळ धरून वास घ्या, खरंच. बरा दगड समुद्रासारखा वास मारतो, सडणारा कुजक्या अंड्यासारखा. माझ्या एका दगडाच्या खालच्या बाजूला राखाडी स्पंजवर पांढरी बुळबुळीत साय आली होती, ती खाऱ्या पाण्याच्या बादलीत जुन्या टूथब्रशने घासून काढली. नळाचं पाणी मात्र अजिबात नाही, गोड्या पाण्याने उरलेलंही मरेल.

रात्री लाइट बंद करून टॉर्च मारला की खरी मजा. ब्रिसल वर्म (अंगावर बारीक काटे असलेले किडे) दिसले तर घाबरू नका, ते सफाई कामगार आहेत, फक्त हाताने धरू नका, काटे घुसतात. ऐप्टेशिया (एक उपद्रवी सी-अ‍ॅनिमोन) मात्र दिसताक्षणी मारा, पारदर्शक तपकिरी, छोट्या ताडाच्या झाडासारखं दिसतं ते. आणि ते चिरडू नका कारण तुकड्यातून परत नवीन उगवतं, इंजेक्शनने किंवा त्यासाठी मिळणाऱ्या पेस्टने मारा.

बाकी खारटपणा (स्पेसिफिक ग्रॅव्हिटी) १.०२५ ते १.०२६, तापमान २५-२६ डिग्री, पॉवरहेडचा (पाणी फिरवणारा पंप) प्रवाह जोरात, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) पहिल्या दिवसापासून चालू. पाणी आटलं की साधं आरओ-डीआय (क्षार काढलेलं शुद्ध) पाणीच भरायचं, मीठ काही उडून जात नाही. काचेवर तपकिरी थर येईल, तो डायटम (एक सूक्ष्म शेवाळ), येऊ दे, बहुतेक वेळा आपोआप जातो.

नायट्राइट शेवटपर्यंत रेंगाळतं पण खाऱ्या पाण्यात क्लोराइडमुळे ते गोड्या पाण्याइतकं घातक नसतं, फक्त ते असताना नायट्रेटची टेस्ट फसवी जास्त दाखवते, म्हणून तो आकडा बघून हबकू नका. अमोनिया सलग काही दिवस शून्य राहिला, नायट्राइटही गेलं, की एकदा मोठा पाणीबदल करून नायट्रेट खाली आणायचं, आधी गोगलगायी सोडायच्या, मग एकच मासा, आणि पुढचा मासा टेस्ट पुन्हा शून्य आल्यावरच, कारण बॅक्टेरिया जेवढं खाणं मिळतं तेवढेच वाढतात.