विन्स्टनच्या वयाची झाले

रविवार, रात्रीचे साडेअकरा

माळा आवरताना शाळेतलं ‘१९८४’ सापडलं, जॉर्ज ऑर्वेलची हुकूमशाहीवरची कादंबरी. समासात माझंच पेन्सिलीतलं अक्षर: ‘थीम – सत्ता. नक्की येणार!!’ तिसऱ्या प्रकरणानंतर समास कोरा. पुढचं गाइडवर भागवलं होतं. कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ तेव्हा नुसता रडका वाटायचा.

आता पहिल्याच पानावर अडकले. लिफ्ट बंद, सात जिने, उजव्या घोट्याच्या वर चिघळलेली जखम, वय ३९. तेव्हा ३९ म्हणजे म्हातारा. मला गेल्या महिन्यात ३९ पूर्ण झाली, आणि चौथ्या मजल्यावर भाजी घेऊन चढताना मीही मध्ये एकदा कठड्याला टेकतेच.

पुस्तक जून १९४९ चं. जानेवारी १९५० मध्ये ऑर्वेल क्षयाने गेला, अवघ्या ४६ व्या वर्षी. विन्स्टनला सकाळी उठल्या उठल्या खोकल्याची उबळ येते, ते वाचताना आज जीव कासावीस झाला.

वर्गात सगळी चर्चा १०१ नंबरच्या छळाच्या खोलीची नि तिथल्या उंदरांची. चॉकलेटचं कुणी बोललंच नाही. आठवड्याचं रेशन ३० ग्रॅमवरून २० वर आणतात, आणि दुसऱ्याच दिवशी ते २० पर्यंत ‘वाढवल्याबद्दल’ लोक मिरवणुका काढून आभार मानतात!

कादंबरीत सत्तेचा शत्रू गोल्डस्टाइन याचं बंदी असलेलं एक पुस्तक येतं, त्याची पानं मात्र आजही ढकलत ढकलतच वाचली. विन्स्टनची प्रेयसी ज्युलिया तर ते ऐकता ऐकता झोपूनच जाते. तिचं काही चुकत नाही.

मग तो गुत्त्यातला म्हातारा. विन्स्टन जीव तोडून विचारतोय, क्रांतीच्या आधी बरं होतं की आता? आणि म्हाताऱ्याचं आपलं बिअरचंच रडगाणं: अर्धा लिटर पुरत नाही, लिटर जास्त होते. शाळेत मी ही पानं उलटलीही नसतील.

शाळेच्याच प्रकल्पासाठी आजीला ७२ च्या दुष्काळाचं विचारलं होतं. मला हवे होते आकडे, कारणं. ती बोलली मिलोचं, म्हणजे तेव्हा रेशनवर मिळालेल्या परदेशी ज्वारीचं: “मिलोची भाकरी धड थापताच यायची नाही बघ. उचलली की तुटायची.” दोन्ही तळवे पुढे करून दाखवलंही, कशी तुटायची ते. मी वहीत काहीच लिहिलं नाही. मग ग्रंथालयातून उतरवून काढलं आणि मार्क मिळवले.

आजी जाऊन नऊ वर्षं झाली.

म्हाताऱ्याच्या बिअरशेजारी समासात पेन्सिलीने लिहिलं: मिलो.