कूलला काय म्हणायचं?

"मग 'कूल'ला काय म्हणायचं?" काल एस्पेरांतोच्या (जगभरच्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मुद्दाम घडवलेल्या भाषेच्या) सरावाच्या कॉलवर एका मुलीनं विचारलं.

एकानं शब्दकोश बघून सांगितलं, 'मालवार्मेता'. म्हणजे गारसर! ते हवामानाला ठीक, माणसाला नाही.

तेवढ्यात एक आजोबा म्हणाले, "मोयोसा." एस्पेरांतोत 'आधुनिक-तरुण-शैलीचा' या शब्दांची आद्याक्षरं मो, यो, सो. त्यांनाच विशेषणाचा 'आ' लावला. तरुण एस्पेरांतोवाल्यांनी घडवलेला शब्द, इंग्रजीतून उचललेला नाही.

कालपासून तेच डोक्यात घोळतंय. एस्पेरांतो घडवणाऱ्या झामेनहॉफनं १८८७ मध्ये व्याकरण दिलं, पण असली बोली पुस्तकातून येत नाही. ती येते एकत्र राहण्यातून, चिडवाचिडवीतून. एस्पेरांतोवाल्यांत बसून आपल्याच मातृभाषेत गप्पा ठोकणं म्हणजे 'क्रोकोदीली', मगरपणा करणं! आणि एस्पेरांतोची चळवळ अचानक सोडून जाणं म्हणजे 'काबेई'. काबे हे काझिमिएझ बाइन यांचं टोपणनाव. हा पोलिश डोळ्यांचा डॉक्टर एस्पेरांतोचा नावाजलेला लेखक होता, १९११ मध्ये अचानक निघून गेला. चळवळीला ते इतकं लागलं, की त्याचं क्रियापदच झालं.

'मेलेली, कृत्रिम भाषा' म्हणणाऱ्यांना मला हे शब्द ऐकवायचेत.

त्या मुलीचा पुढचा प्रश्न होता 'क्रिंज'. त्यावर एकमत झालं नाही. इथे कुणाला एस्पेरांतो येतं का? तुम्ही काय म्हणाल?