राजीनाम्यानंतर सापडणारे चार हजार रुपये

भोसरी एमआयडीसीतल्या साठ-सत्तर माणसांच्या कारखान्यात एक प्रसंग ठरलेला असतो. व्हीएमसीचा (धातू कापणाऱ्या संगणकीय मशीनचा) चांगला सेटर, म्हणजे नव्या कामासाठी मशीन लावून देणारा माणूस, राजीनामा देतो, चाकणला चार हजार जास्त मिळतायत म्हणून सांगतो. कालपर्यंत ‘यंदा ऑर्डरी कुठे आहेत’ म्हणणाऱ्या मालकांना संध्याकाळपर्यंत ते चार हजार सापडतात. म्हणजे पैसे होते. ते मागायची एकच रीत कारखान्याने शिकवून ठेवली होती, ती म्हणजे राजीनामा. बाकीचे सेटर हे बघत असतात, आणि शिकतात.

चार हजार जड वाटतात, कारण समोरच्या बाजूचा हिशेब कुणी मांडत नाही. समजा जुना सेटर एक सेटिंग दीड तासात उरकतो आणि नव्याला साडेतीन तास लागतात. महिन्याला 20 सेटिंग असतील तर 40 तास मशीन नुसतं उभं. मशीनचा तासाचा दर 500 रुपये धरला तरी महिन्याचे 20,000 गेले. तुटलेली टूल्स, पहिल्या काही जॉबचं रिजेक्शन आणि उशिरा गेलेला माल यात धरलेलाच नाही. आकडे आपापल्या शॉपचे घाला. मशीनचा दर कॉस्टिंगच्या फाइलमध्ये असतोच.

‘आमच्याकडे वर्षाला इतके टक्के लोक सोडतात’ या एका आकड्यातून काहीही कळत नाही. गेल्या दोन वर्षांत गेलेल्यांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे त्याने किती महिने काम केलं ते लिहा. पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्यांचं दुखणं भरतीत असतं: सांगितलं सेटिंगचं काम, दिलं डीबरिंगचं (कडा घासायचं), बस मिळेल म्हटलं, ती नाशिक फाट्यावरच सोडते. वर्ष-दीड वर्षाने गेलेल्यांचा हात तयार झालेला असतो, पगार मात्र हेल्परच्या जवळपास राहिलेला. चार वर्षांनी जाणाऱ्याला वर जायला जागाच दिसत नसते. तिन्हींवर ‘पगार वाढवा’ हे एकच औषध दिलं की पैसे जातात आणि माणसंही.

पगाराचा तक्ता एका दुपारी होतो. नाव, कामाची वर्षं, आज येणारं काम, हातात पडणारी रक्कम. काम सारखं असून नव्यापेक्षा जुन्याला कमी मिळतंय अशा ओळी लाल करा. त्या निघतातच, कारण नवा माणूस बाजारभावाने घेतलेला असतो आणि जुना दरवर्षीच्या ठरावीक टक्क्यांवर चढत आलेला असतो. पगार कितीही गुप्त ठेवा, कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे आकडे पाठ असतात. आधी या लाल ओळी दुरुस्त करायच्या, मग सरसकट वाढ. आणि हे दिवाळीच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरात. बोनस हातात पडला की राजीनामे येतात. तेव्हा तक्ता उघडणाऱ्याला उशीर झालेला असतो.

याच तक्त्यात ज्यांना साडेतीन-चार वर्षं झाली आहेत, त्यांना ग्रॅच्युइटीचं, म्हणजे पाच वर्षं भरल्यावर नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचं, गणित कागदावर मांडून दाखवा. शेवटचा बेसिक आणि डीए भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. बेसिक-डीए 20,800 असेल तर दर वर्षामागे 12,000, म्हणजे पाच वर्षांचे 60,000. अनेकांना हा आकडा कुणी सांगितलेलाच नसतो.

आता स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कोणतं काम किती येतं त्याचा तक्ता. चार पाकळ्यांच्या गोलांचा तो तक्ता शॉपमध्ये प्रत्येक भिंतीवर असतो: एक भरली तर शिकाऊ, दोन तर देखरेखीखाली, तीन तर स्वतंत्र, चार तर दुसऱ्याला शिकवू शकतो. तो ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी सुपरवायझर टेबलावर बसून रंगवतो, ही खरी अडचण. चांगलं हत्यार आहे, पण शोभेला टांगलेलं. ते चालायचं असेल तर प्रत्येक पाकळीला परीक्षा हवी. सेटरची तिसरी पाकळी म्हणजे ड्रॉइंगवरून फिक्स्चर (पीस पकडणारी जोडणी) लावणं, वर्क ऑफसेट आणि टूल लेंग्थ घेणं (पीस कुठे आहे आणि टूल किती लांब आहे ते मशीनला देणं), पहिला पीस क्वालिटीकडून पास करून आणणं. तीन वेगवेगळे जॉब, ठरलेल्या वेळात, कुणाला न विचारता. तपासणारा दुसऱ्या सेक्शनचा. तारीख आणि दोन सह्या. दर तिमाहीला एकदा हे व्हावं, आणि पाकळी भरली की पुढच्या पगारात ठरलेली रक्कम दिसावी. 700 असो की 1,000, आधी जाहीर केलेली हवी. मग पगारवाढ मागायला राजीनामा लिहावा लागत नाही, परीक्षा मागता येते.

चौथ्या पाकळीपाशी बहुतेक कारखाने अडकतात. सगळ्यात कसलेला माणूस कुणाला काही शिकवत नाही, आणि त्याचं चूक काय? आपल्याशिवाय मशीन चालत नाही, हीच त्याची नोकरीची हमी असते. शिवाय शिकवताना उत्पादन घटतं आणि बोलणी त्यालाच बसतात. म्हणून आठवड्याचे चार तास त्याच्या टार्गेटमधून लेखी वजा करा. शिकवण्याचा भत्ता शिकणारा परीक्षेत पास झाल्यावर द्या. महिन्यावारी दिलात तर शिकवणं संपतच नाही.

त्याला बढती म्हणून सुपरवायझर करायचा मोह टाळा. चांगला सेटर जातो आणि हजेरी, रजा, भांडणं यांना वैतागलेला एक सुपरवायझर मिळतो. सेटर, सीनियर सेटर, प्रोसेस टेक्निशियन अशी दुसरी शिडी ठेवा आणि तिची वरची पायरी सुपरवायझरच्या पगाराएवढी करा. पदनाम छापलेलं कार्ड दिलं आणि पगार तोच ठेवला, तर कार्ड घेऊन माणूस पुढच्या मुलाखतीला जातो.

वर्षातून दोनदा प्रत्येक कळीच्या माणसाशी अर्धा तास बोला. इन्क्रिमेंटच्या महिन्यात नको, मालकांच्या केबिनमध्येही नको. ‘काही अडचण?’ असं विचारलंत तर ‘नाही साहेब’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा: गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी घरी जाताना डोकं फिरलं होतं? येत असून करायला मिळत नाही असं कोणतं काम आहे? उद्या सुपरवायझर बदलता आला तर बदलाल का? निघालेल्या गोष्टींपैकी एकीचं उत्तर पंधरा दिवसांत द्या, नकार असला तरी. विचारून गप्प बसणं हे न विचारण्याहून वाईट.

या बोलण्यात पगाराच्या जोडीला हटकून निघते ती सुट्टी. वीजकपातीच्या दिवसांपासून भोसरी-पिंपरीच्या कितीतरी युनिटांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी चालत आली आहे, आणि मुलांच्या शाळेला सुट्टी रविवारी. बाप घरी असतो तेव्हा पोरं शाळेत. महिन्यातला एक रविवार आळीपाळीने देणं हे फक्त शिफ्टच्या तक्त्याचं काम आहे. त्याला बजेट लागत नाही, तरी कुणी करत नाही.

हिंजवडीकडची आयटीतली मंडळी माणसं सोडून जाण्याच्या याच दुखण्यावर 90 दिवसांच्या नोटिसीचा लेप लावतात. त्या 90 दिवसांत माणूस पहिल्या ऑफरवर दुसरी आणि दुसरीवर तिसरी मिळवतो, एवढाच त्याचा उपयोग. ‘दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ असं लिहून घेणंही फुकट. नोकरी सोडल्यानंतरचं असं बंधन 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढे टिकत नाही. मूळ प्रमाणपत्रं कपाटात अडकवून ठेवणं तर सरळ दादागिरी आहे, आणि त्याची कीर्ती आयटीआयच्या पोरांपर्यंत आठवड्यात पोचते.

आणि ‘का सोडताय?’ विचारणारी शेवटच्या दिवशीची ती मुलाखत रद्द करा. फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) आणि रिलीव्हिंग लेटर तुमच्या हातात असताना तो ‘घरगुती कारण’ याशिवाय दुसरं काय लिहील? सगळे कागद वेळेत द्या आणि तीन महिन्यांनी फोन करा, शक्यतो ज्याच्याशी त्याचं पटायचं त्याने. दहा मिनिटं पुरतात. कधीकधी चार हजारांचा विषयच निघत नाही. नव्या ठिकाणी रविवारी सुट्टी असते, एवढंच सांगतो.