चौथ्या थरातली बांगडी

पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडावर सकाळी उत्खननाचं काम लागलं तेव्हा चराची खोली 1.40 मीटर होती. चर 5 बाय 5 मीटरचा. चौथ्या थरात काळी-तांबडी खापरं आणि मोठ्या विटांचे तुकडे निघत होते. बेळगावच्या वडगाव-माधवपूरला सातवाहनकालीन वस्ती उजेडात आलेली आहेच. इथंही तोच काळ धरून चाललो होतो. आणि चाळणीत आला पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांच्या काचेच्या बांगडीचा तुकडा. अशा बांगड्या बहमनी काळात विपुल. हजार वर्षांचं अंतर एकाच घमेल्यात!

"ओ सर, हितली माती मऊ लागालीय बघा," कोपऱ्यात खुरपी चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या. कुदळी तिथंच थांबवल्या.

काळ्या रानात पहिला संशय भेगांवर. उन्हाळ्यात जमीन फाटते, वरची वस्तू खोल जाते. पण भेग खाली निमुळती होते आणि तुकडा बहुधा उभा अडकतो. उंदराचं बीळ असेल तर गोल, भुसभुशीत मातीचा पट्टा दिसतो. हा तुकडा आडवा होता, भोवती राख आणि हाडं. म्हणजे नंतर कुणी वरून खणलेला खड्डा.

थापीनं तळ तासून घेतला, पंपानं पाणी फवारलं आणि वाट पाहिली. भराव आणि मूळ माती एका वेगानं वाळत नाहीत. वीसेक मिनिटांत ओलसर, गडद गोल कडा उमटली, सव्वा मीटर व्यासाची. चराच्या भिंतीवर तीच कडा दुसऱ्या थराच्या माथ्यापर्यंत चढलेली; दुसरा, तिसरा आणि चौथा थर तिनं कापले होते. कडक उन्हात ती आम्हाला दिसलीच नव्हती. भिंत रोज सकाळी, तिरप्या उजेडात वाचायला हवी होती.

आधी खड्डाच उपसायचा, कारण तो नंतरचा. अर्धा भराव उपसून उभ्या छेदाचं चित्र काढलं, ओळंबा सोडून टेपनं मापं घेतली, मग उरलेला अर्धा. त्याच्या पिशव्यांना वेगळा क्रमांक.

जिवाला लागलं ते कोळशाचं. वय ठरवणाऱ्या कार्बन-14 चाचणीसाठी आदल्या दिवशी हात न लावता, थापीच्या टोकानं उचलून अॅल्युमिनियमच्या कागदात बांधलेला नमुना याच कोपऱ्यातला होता. तो बाद केला. दोन दिवसांच्या खापरांच्या अकरा पिशव्यांवरचं 'थर 4' खोडून 'मिश्र' लिहिलं. नवा कोळसा खड्ड्याच्या कडेपासून दोन मीटर लांब, विटांखालच्या अखंड मातीतून घेतला.