राउटरचा सोर्स कोड मागितला, त्याचा अनुभव

फोंड्यात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते गोव्यातल्यांना सांगायला नको. वीज परत आली की आमच्या राउटरचं घड्याळ १ जानेवारी १९७० ला जाऊन बसायचं आणि रात्री मुलांचं इंटरनेट बंद ठेवायचा नियम बाद व्हायचा. राउटर ज्याला वेळ विचारतो तो टाइम सर्व्हर बदलायची सोय सेटिंगमध्ये नव्हतीच. दुकानदार म्हणाला, "अहो, नवीन घ्या ना, कमी करून देतो."

पण राउटरच्या आत लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि बिझीबॉक्स (छोट्या कमांडचा संच), दोन्ही जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या आवृत्ती २ खाली. विकणाऱ्याने सोर्स, म्हणजे वाचता-बदलता येणारा मूळ कोड, सोबत द्यायचा, नाहीतर मागेल त्याला किमान तीन वर्षं देण्याची लेखी हमी द्यायची. आमच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, भिंग लावून वाचावी अशी, ती हमी होती. टाइम सर्व्हर स्वतःच बदलू म्हणून कंपनीला ईमेल केला. त्यांनी बिल मागितलं. ही हमी कुणाही तिऱ्हाइताला लागू असते, बिलाचा संबंधच नाही, पण होतं म्हणून दिलं.

मग लिंक आली आणि खरा ताप सुरू झाला. कुणीही नेटवरून उतरवून घेईल असा कोरा कर्नल, कोरा बिझीबॉक्स. कॉन्फिग फाइल नाही, कंपनीने केलेले बदल नाहीत, बिल्ड स्क्रिप्ट (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवायच्या सूचना) नाही. नारळ मागावा आणि हातात सोडणं यावीत, तसं. पुन्हा लिहिलं, तर "आपली विनंती पूर्ण झाली आहे" म्हणून तिकीट बंद. नवीन तिकीट काढलं, तर "राउटर रीसेट करून पाहा." सोर्सचा आणि रीसेटचा काय संबंध? हळूहळू डाव लक्षात आला. "नाही" कुणीच म्हणत नाही, कारण तसं म्हटलं तर परवाना उघड मोडतो. अर्धवट देत राहिलं की मागणारा आपोआप थकतो. मी थकलो नाही, चिडलो.

शेवटी "सोर्स द्या" म्हणणं सोडलं आणि परवान्याचं तिसरं कलम उतरवून काढलं. पूर्ण सोर्समध्ये कंपाइल आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टही येतात, असं त्यात स्पष्ट आहे. खाली काय काय आलं नाही त्याची यादी दिली. परवाना मोडला तर वितरणाचा हक्क आपोआप संपतो, हे चौथं कलमही जोडलं आणि पत्र कायदा विभागाकडे द्या असं लिहिलं. त्यानंतर भाषा बदलली, "प्रिय ग्राहक" गेलं, आणि सगळं आलं. (फर्मवेअरचा, म्हणजे राउटरमधल्या सॉफ्टवेअरचा, नेमका आवृत्ती क्रमांक पहिल्याच पत्रात लिहा. नाहीतर भलत्याच आवृत्तीचा कोड येतो.)

कोड बिल्ड झाला, पण राउटरने तो घेतला नाही. त्याला कंपनीची डिजिटल सही लागते आणि तिची किल्ली कंपनीकडेच. टिव्हो कंपनीने आपल्या टीव्ही रेकॉर्डरमध्ये हेच केलं होतं, म्हणून जीपीएलच्या २००७ च्या आवृत्ती ३ मध्ये घरगुती वस्तूंसाठी इन्स्टॉल करायची माहितीही देण्याचं कलम आलं. कर्नल मात्र आवृत्ती २ वरच राहिला. म्हणजे कोड वाचा, बदला, फक्त स्वतःच्या राउटरवर चालवू नका!

तरी फुकट गेलं नाही. स्क्रिप्टमध्ये टाइम सर्व्हरचं नाव सापडलं, ते केव्हाच बंद पडलेलं. घरात पडून असलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर डीएनएस (सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी सेवा) आणि टाइम सर्व्हर बसवला आणि ते नाव त्याच्याकडे वळवलं. राउटरला काही कळलं नाही.

तुम्हाला एवढा उपद्व्याप नको असेल तर राउटर घेण्याआधी ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या यादीत मॉडेल बघा, हार्डवेअर आवृत्तीसकट. तो प्रकल्प उभा राहिला तो लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरच्या सोर्सवर, आणि तोसुद्धा २००३ मध्ये लोकांनी मागे लागून बाहेर काढायला लावला होता.