मेक्सिको सिटीत त्लाकोयो घरी जमेपर्यंत

नवऱ्याच्या कामामुळे आम्ही मेक्सिको सिटीत राहायला आलो तेव्हा मला मेक्सिकन म्हणजे ताको, बरितो आणि नाचो एवढंच माहीत होतं, तेही पुण्यातल्या कॅफेतले, वरून चीज ओतलेले. इथे आमच्या गल्लीत नाचो कुठे दिसलेच नाहीत. कोपऱ्यावर ताको आल पास्तोरची गाडी होती, उभ्या सळईवर लाल मसाला लावलेल्या डुकराच्या मांसाचे थर, वरती अननस, आणि तो माणूस सुरीनं अननसाची चकती अशी उडवायचा की ती बरोबर खालच्या ताकोत पडायची. हा प्रकार लेबनॉनहून आलेल्या लोकांच्या शावर्म्यावरून आला, इथे येऊन त्यात डुकराचं मांस, मिरची आणि मक्याची तोर्तिया म्हणजे पातळ पोळी आली. नवरा रोज खायचा, मी शाकाहारी, मी फक्त बघायचे.

माझं खाणं मला मंगळवारच्या बाजारात सापडलं. इथे आठवडी बाजाराला तिआंगिस म्हणतात, रस्ताच बंद करून गुलाबी ताडपत्र्या लावतात. बाजाराच्या टोकाला एक बाई कोळशाच्या शेगडीवर मोठा तवा ठेवून बसायच्या, तव्याला इथे कोमाल म्हणतात. जांभळट निळं पीठ, त्याचा गोळा, आत शिजवून वाटलेल्या बीन्सचं सारण, दोन्ही हातांनी थाप थाप थाप करून लांबट आकार, की टाकला तव्यावर. तो थापायचा आवाज ऐकून मी जागच्या जागी थांबले. मी बार्शीची आहे, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली, तो आवाज मला सात समुद्रापलीकडे ऐकू येईल असं कधी वाटलं नव्हतं.

त्याचं नाव त्लाकोयो. वरती नोपाल म्हणजे काटे काढलेल्या निवडुंगाची भाजी, कांदा, कोथिंबीर, किसलेलं चीज आणि हिरवी नाहीतर लाल साल्सा. निळा रंग मक्याचाच, त्यात काही घातलेलं नसतं. शाकाहारी लोकांनी एकच विचारायचं, येवा मांतेका? म्हणजे यात डुकराची चरबी आहे का, कारण बीन्समध्ये बऱ्याचदा असते. त्या बाईंकडे नव्हती. त्या मला ग्वेरिता म्हणायच्या, म्हणजे गोरटी, बाजारात सगळ्याच गिऱ्हाइकांना म्हणतात, मी सावळी असले तरी मीही ग्वेरिता.

मग डोक्यात बसलं की हे घरी करायचं. इथूनच खरा उद्योग सुरू झाला. पहिल्यांदा मी सरळ दुकानातून मक्याचं पीठ आणलं, आपण मक्याच्या भाकरीला वापरतो तसलं, कोमट पाण्यात मळलं आणि थापायला घेतलं तर कडा फाटल्या, सारण भरल्यावर मधोमध चीर गेली आणि तव्यावर बीन्स बाहेर. उकड काढून बघितली, जरा बरं झालं पण चव साध्या मक्याचीच, तो बाजारातला मातीसारखा, पहिल्या पावसासारखा वास काही येईना. मग तोर्तियाचं पाकीटबंद कोरडं पीठ आणलं, इथे बऱ्याच घरी तेच वापरतात, तोर्तिया होतात छान, मी आजही घाईत करते. पण त्लाकोयो केला की दहा मिनिटांत कडक.

शेवटी एका मंगळवारी मी त्या बाईंना मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलंच की तुमचं पीठ कसं करता. त्या म्हणाल्या, कोन काल. मला काल म्हणजे आपला कालच वाटला, म्हटलं काल केलंय असं सांगतायत की काय. त्यांनी पिशवीतून पांढरी पूड काढून दाखवली तेव्हा कळलं, काल म्हणजे चुना. आणि गंमत म्हणजे तो खरंच कालच, आदल्या दिवशीच लावायचा असतो.

ही गोष्ट मला आधी कुणीच सांगितली नव्हती आणि सगळं मेक्सिकन खाणं हिच्यावर उभं आहे. वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी धुऊन ओला दळायचा. त्या मक्याला निक्स्तमाल म्हणतात, शब्द इथल्या मूळ लोकांच्या नाहुआत्ल भाषेतला आहे, त्यातला पहिला भाग राखेचा, कारण राखेच्या पाण्यातही हे काम होतं. चुन्यामुळे दाण्याची साल सुटते, पीठ चिकट होतं आणि थापताना फाटत नाही. शिवाय मक्यातलं बी-३ जीवनसत्त्व अडकून पडलेलं असतं ते मोकळं होतं. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला पण ही चुन्याची रीत नेली नाही, मग उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरीब लोकांना पेलाग्रा झाला, म्हणजे याच जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार, कातडी फाटणं, जुलाब, भ्रम, कितीतरी माणसं गेली. आणि इथल्या बायका हजारो वर्षं आदल्या रात्री चुना लावत होत्या. हे कळल्यावर त्या शेगडीपाशी बसलेल्या बाईंकडे मी वेगळ्याच नजरेनं बघायला लागले.

पहिला निक्स्तमाल माझा बिघडला. जास्त चुना म्हणजे जास्त चांगलं असं वाटून एक किलोला मोठा डाव भरून घातला, मका पिवळाजर्द आणि पीठ कडू. खरं प्रमाण किलोला फक्त १० ग्रॅम, पाणी अडीच-तीन लिटर, भांडं स्टीलचं, अल्युमिनियमचं अजिबात नको कारण चुना त्याला खातो. आधी चुना पाण्यात विरघळवायचा, मग मका. मेक्सिको सिटी २,२४० मीटर उंचीवर आहे, पाणी लवकर उकळतं पण शिजायला वेळ लागतो, त्यामुळे मला बारीक गॅसवर ४०-४५ मिनिटं लागायची. झालंय का बघायची खूण त्या बाईंनी दिली, दाणा बोटात चोळला की साल निघाली पाहिजे आणि दातानं तोडला की मधे बारीकसा पांढरा कच्चा ठिपका राहिला पाहिजे. तो ठिपका रात्रभर भिजताना जातो. पूर्ण शिजवलात तर पीठ गिजगिजीत होतं, तेही मी करून बसले.

दळणाचं विचाराल तर मिक्सरमध्ये करू नका. पाणी घातल्याशिवाय पातं फिरत नाही आणि पाणी घातलं की इडलीचं पीठ होतं. दोन वेळा फेकून दिलं, खूप वाईट वाटलं, अन्न टाकायची सवय नाही. मग शेजारच्या आजींनी सांगितलं की मागच्या गल्लीत मोलिनो आहे. अहो, गिरणी! सकाळी सातला बादलीत ओला मका घेऊन गेले तर चार बायका रांगेत, बादल्या खाली ठेवून गप्पा चाललेल्या, आत दगडांचा घर्र आवाज. मला एकदम आमची पेठेतली गिरणी, पत्र्याचे डबे, उडालेलं पीठ सगळं आठवलं. दळणाऱ्या माणसानं विचारलं तामालसाठी की तोर्तियासाठी, तामाल म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेलं मक्याचं पीठ, त्याला जाडसर, तोर्तियाला बारीक, अगदी आपल्याकडे भाकरीला का लाडवाला विचारतात तसं. एक किलो मक्याचं पावणेदोन किलोच्या आसपास पीठ झालं आणि तो वास आला. तोच.

त्या दिवशी त्लाकोयो जमला. गोळा करून वाटीसारखा खोलगट केला, पुरणपोळीला करतो तसा, बीन्स भरल्या, तोंड मिटलं, दोन्ही तळव्यांत लांबट थापला. तेल नाही, कोरड्या तव्यावर मध्यम आचेवर एका बाजूनं चार-पाच मिनिटं, मग दुसऱ्या. नोपालाला भेंडीसारखी तार सुटते, ती घाबरायची गोष्ट नाही, कांदा आणि मीठ घालून पाणी आटेपर्यंत परतलं की जाते. साल्सासाठी मिरच्या आणि टोमॅटो तव्यावर काळे होईपर्यंत भाजायचे आणि दगडी खलात कुटायचे, खिडक्या उघड्या ठेवून, ठसका फार लागतो. नवऱ्यानं उभ्याउभ्या चार खाल्ले.

एकदा पीठ जमलं की मग सगळं खुलं झालं. पावसाळ्यात भोपळ्याची फुलं घालून केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या तोर्तिया, केल्या, आपण त्याची भजी करतो, ही त्याहून हलकी लागतात. विटलाकोचे पण केलं, म्हणजे मक्याच्या कणसावरची काळी बुरशी. शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे काणी, म्हणजे हीच बुरशी, म्हटलं की पीक गेलं एवढंच डोक्यात, इथे ती कणसापेक्षा महाग विकली जाते आणि मशरूमसारखी चविष्ट लागते. एस्कितेस मात्र पहिल्या फटक्यात जमले, कणसाचे दाणे एपासोते नावाच्या उग्र वासाच्या पाल्यात उकडून वर लिंबू, मेयोनीज, चीज, तिखट. त्यासाठी गोड स्वीटकॉर्न घेऊ नका, आपलं जुनं गावठी चिवट कणीस असतं ना तसलं लागतं. लिंबू तर आपलं कागदी लिंबूच, आशियातून इकडे आलेलं.

गेल्या दिवाळीत बार्शीला गेले तेव्हा मका बाजारातूनच घेतला, इथून बियाणं वगैरे काही नेलं नाही. चुना आजीच्या पानाच्या डब्यातला, साधा, काही न मिसळलेला. भिजवलेला होता म्हणून अर्ध्या किलोला सुपारीएवढा घेतला, मका तिथे अर्ध्या तासातच झाला. गिरणीवाले ओलं दळण घेईनात, म्हणून माळ्यावरचा पाटा-वरवंटा काढला, आईनं आणि मी पाळीपाळीनं वाटलं, दीड तास लागला, खांदे भरून आले. सारणाला काळा घेवडा मिळाला तो घेतला. आई म्हणाली थापायचं मला दे, आणि तिनं पहिलाच असा थापला की एक चीर नाही. साल्साऐवजी शेंगाचटणी आणि दही घेतलं. आजीनं दोन खाल्ले, तिला दात नाहीत तरी.

परवा फोनवर आई विचारत होती, अगं अर्ध्या किलोला सुपारीएवढाच ना चुना? म्हटलं हो, सुपारीएवढाच, जास्त नको.