नकाराची नोंद

मतदान संपलं की केंद्राध्यक्षाला 'सतरा सी' हा नमुना भरून द्यावा लागतो. केंद्रावर मतदार किती, नोंदवहीत सह्या किती, यंत्रात मतं किती, हा सगळा ताळेबंद त्यात मांडायचा. त्यात एक रकाना असतो: नोंदवहीत सही करूनही मत न देण्याचं ठरवलेले मतदार. इतक्या निवडणुका केल्या, पण त्या रकान्यात मी कायम शून्यच लिहीत आलो. आसपासच्या कुणी दुसरं काही लिहिल्याचं ऐकलंही नव्हतं. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला मी तिथं ८३ लिहिले. यंत्रात मतं होती ६.

मी माध्यमिक शाळेत शिकवतो. केंद्र मिळालं ते गाव सातारा जिल्ह्यातलं, डोंगरात, रस्ता जिथं संपतो तिथलं. नाव लिहीत नाही. यादीत ४१२ मतदार, त्यातले निम्मे तरी मुंबईला. एरवी मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईकरांना घेऊन गाड्या येतात. या खेपेला गावानं त्यांना निरोप धाडला होता, येऊ नका म्हणून. ग्रामसभेत ठराव झाला होता: एसटी सुरू होईपर्यंत मतदान नाही.

साहित्य वाटपाच्या ठिकाणी आमच्या हातात पेट्या पडल्या तेव्हाच कुणीतरी म्हणालं, "सर, तुम्हाला बहिष्काराचं गाव आलंय, आराम आहे." असं बोलणाऱ्यांचा मला राग येतो. रिकाम्या केंद्रावरचं काम जास्त अवघड असतं, कारण तिथं प्रत्येक कागदाकडे उद्या संशयानं बघितलं जाणार असतं.

आम्हाला न्यायला एसटीच होती. निवडणुकीसाठी महामंडळाच्या गाड्या घेतात, एका मार्गावरची चार-पाच पथकं एकीत बसवतात. आमचं गाव शेवटचं, त्यामुळे गाडी आणि चालक तिथंच मुक्कामाला राहणार होते. शेवटच्या वळणावर चालकानं हॉर्न दिला आणि माणसं घरातून बाहेर आली. देवळाच्या पारापाशी एक आजी थेट गाडीच्या दाराशी येऊन उभी राहिली. "सुरू झाली का रं गाडी?" चालक खाली उतरला, म्हणाला, "न्हाई आजी, मतदानाची हाय." तिनं विचारलं, "मग सकाळी मोकळीच जाणार हाय का खाली?" तो म्हणाला, "उद्या इथंच उभी राहणार. परवानगी न्हाई." पंच्याहत्तरी उलटलेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एसटीचा प्रवास मोफत आहे. आजीकडे त्याचं कार्ड होतं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिनं ते कमरेला खोचलं होतं.

या गावाला आधी रोज दोन फेऱ्या होत्या, त्यातली एक मुक्कामी. कोरोनात बंद झाल्या. नंतर २०२१ च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला. संप मिटल्यावर खालच्या मोठ्या गावांच्या फेऱ्या सुरू झाल्या, या गावाची झाली नाही. आगारात विचारलं की उत्तर ठरलेलं: गाड्या नाहीत, चालक नाहीत, भारमान, म्हणजे पुरेसे प्रवासी, मिळत नाही. गाड्या नाहीत हे खोटं नव्हतं. कोरोनाआधी महामंडळाकडे अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या, त्यातल्या हजारो भंगारात गेल्या आणि त्या वेगानं नव्या आल्या नाहीत. पण त्याच काळात सवलती वाढत गेल्या. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत, तो आधीपासूनच. सवलत जाहीर करायला एक सभा लागते. गाडी चालवायला चालक, वाहक, डिझेल, टायर आणि रोज पहाटे उठणारं आगार लागतं. या गावातल्या मुलींकडे पास होते आणि त्या वडापनं, म्हणजे खासगी जीपनं, तीस रुपये देऊन जात होत्या, तीस देऊन येत होत्या, जीप भरली तर. दोघींनी अकरावी सोडली होती. हे मला अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं. त्याच तिथल्या बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या.

शाळेत पाय ठेवला तर दाराला नवा उतार केलेला. पाण्याचा जार, मांडव, जादा दिवे, अपंगांसाठी चाकाची खुर्ची. आयोगाचा नियमच आहे, प्रत्येक केंद्रावर या किमान सोयी हव्यात, आणि तो नियम चांगला आहे. उताराचं सिमेंट अजून ओलसर होतं. वर्गाच्या छताचे तीन पत्रे मात्र फुटलेले होते. त्यांच्याखाली यंत्र ठेवायचं नाही म्हणून मतदान कक्ष आम्ही दुसऱ्या कोपऱ्यात लावला.

रात्री माणसं भेटायला आली. भांडायला नव्हती आली, चहा घेऊन आली होती. "सर, तुमच्यावर राग न्हाई. जेवायची सोय आमच्याकडं हाय." तहसीलमधून दोनदा समजूत काढायला साहेब येऊन गेल्याचं त्यांनी सांगितलं. गावानं एकच मागितलं होतं, लेखी द्या. साहेब म्हणाले, आचारसंहिता आहे, लेखी देता येत नाही. नियमानं ते बरोबरच होते. पण गावानं पहिलं निवेदन दीड वर्षापूर्वी दिलं होतं, तेव्हा आचारसंहिता नव्हती आणि साहेबही आले नव्हते. एक तरुण म्हणाला, "जिल्हा परिषदेच्या मेंबरला पकडलं असतं, पण मेंबरच न्हाई." राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर २०२२ च्या मार्चपासून प्रशासक होते. निवडणुका झाल्याच नव्हत्या. आमदारकीच्या गोष्टी निघाल्यावर तर कुणी बोलायलाही तयार नव्हतं. ज्याच्या विरोधात २०१९ ला पोरं रात्र-रात्र फिरली, तो आणि ज्याच्यासाठी फिरली तो, दोघे पुढच्या चार वर्षांत एकाच मांडवात बसलेले त्यांनी बघितले होते. दोन पक्षांचे चार पक्ष झाले. कोण कुणाचा हे विचारायचं गावानं सोडून दिलं होतं.

पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासायला केलेलं खोटं मतदान. उमेदवारांचे प्रतिनिधी हजर असावे लागतात. एकही आला नाही, म्हणून नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं थांबलो आणि आम्हीच सुरू केलं. किमान ५० मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटालाही पडतील अशी. कागदावर खुणा करत जायचं, मग क्लोज, रिझल्ट, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजायच्या, मेळ बसला की क्लिअर. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे शिक्का मारून काळ्या पाकिटात बंद. मग हिरवी कागदी मोहोर, टॅग, लाख. ही पन्नास मतं पुसायची राहिली म्हणून अख्ख्या केंद्राचं मतदान अडचणीत आल्याच्या गोष्टी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. माझे तिसरे मतदान अधिकारी पाटबंधारे खात्यातले होते. त्यांच्यासारखा स्वच्छ हात मी क्वचित पाहिलाय. त्यांनी मोहोर केली ती छापल्यासारखी.

सातला दार उघडलं. नऊपर्यंत एक मत, बीएलओ ताईंचं. त्या घाबरत आल्या असतील असं मला वाटलं होतं. पण गावानंच त्यांना सांगितलं होतं, "ताई, तुझं काम सरकारी हाय, तू टाक." कोतवालालाही तसंच. हे कळल्यावर या बहिष्काराकडे बघण्याची माझी नजर बदलली. यात जबरदस्ती नव्हती. कुणाला कुठं इजा होईल याचा विचार करून त्यांनी तो आखला होता.

अकराच्या सुमारास एक निवृत्त सुभेदार आले. कडक इस्त्री, हातात मतदार ओळखपत्र. पहिल्या अधिकाऱ्यांनी नाव पुकारलं, दुसऱ्यांनी शाई लावली, नोंदवहीत सही झाली. चिठ्ठी घ्यायच्या आधी ते माझ्याकडे वळले. "साहेब, मला मत द्यायचं नाही. सही केली, आता नकार लिहून घ्या. ४९-ओ."

पहिले अधिकारी लगेच म्हणाले, "काका, नोटा दाबा ना. त्यासाठीच तर आहे." सुभेदार शांतपणे बोलले. माणूस फौजेत हुद्द्यावर राहिलेला, शब्द मोजून वापरणारा. "नोटा म्हणजे उमेदवार पसंत नाहीत. माझी उमेदवारांबद्दल तक्रार नाही, त्यातल्या दोघांना मी ओळखतही नाही. गावाला गाडी नाही ही तक्रार आहे. आणि घरी बसलो तर उद्या पेपरात येणार, लोक सुट्टी घालवायला बसले. मी आलो होतो हे कुठंतरी राहायला पाहिजे."

नियम आहे. निवडणूक संचालन नियम १९६१ मधला ४९-ओ. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं नोटाचा निकाल दिला तो गुप्ततेच्या मुद्द्यावर: यंत्रावर नकार द्यायची सोय नसेल तर नकार देणारा सगळ्यांसमोर उघडा पडतो. त्यानंतर ४९-ओ जवळजवळ विस्मरणात गेला, पण हस्तपुस्तिकेत आहे आणि सतरा सीमध्ये रकानाही आहे. सुभेदारांना तर उघडं पडायचंच होतं. मी हस्तपुस्तिका उघडली, पान सगळ्यांना दाखवलं, नोंदवहीच्या शेरा रकान्यात 'मतदानास नकार' लिहिलं, त्यासमोर त्यांची दुसरी सही घेतली.

इथं एक बारीक गोष्ट आहे. तिसऱ्या अधिकाऱ्यानं कंट्रोल युनिटवरचं, एक मत खुलं करणारं बॅलट बटण दाबल्यावर मतदारानं नकार दिला, तर ते उघडलेलं मत पुढच्या मतदाराला द्यावं लागतं. आणि तो शेवटचाच मतदार असला तर यंत्र बंद करण्याची वेगळीच कसरत करावी लागते. म्हणून मी तिसऱ्यांना सांगून ठेवलं, माझ्याकडे बघितल्याशिवाय बटणाला हात नाही.

अर्ध्या तासानं पाच जण आले. मग बायका आल्या, दहा-बारा, डोक्यावरून पदर, एकमेकींना पुढे ढकलत. "सुभेदारांनी केलं तसं करायचं." दुपारी दोनला शाळेच्या पटांगणात रांग होती. खरीखुरी रांग, उन्हात, मत न देण्यासाठी. वसंतराव नाईकांच्या काळापासून मत देत आलो, असं सांगणारे एक आजोबा होते. पहिल्यांदाच मत असलेली एक मुलगी होती. तिनं सही करताना विचारलं, "सर, हे पहिलं मत म्हणून मोजतात का?" मी म्हटलं, नोंद होते. याहून खरं उत्तर मला देता आलं नाही.

पहिले अधिकारी वैतागले होते. एका नोंदीला दोन सह्या, शेरा, पुन्हा माझी सही. "सर, कशाला वाढवताय? चौकशी लागेल." त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. आपल्या यंत्रणेत नियमाप्रमाणे वागणाऱ्यालाच जास्त उत्तरं द्यावी लागतात, हे त्यांना नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांतच कळलंय. क्षेत्रीय अधिकारी आले, रांग बघून त्यांचा चेहरा खुलला, "अरे वा, सुरू झालं!" मी नोंदवही पुढे केली. ते बराच वेळ पानं उलटत उभे राहिले. दर दोन तासांनी वर टक्केवारी कळवायची असते. मी विचारलं, काय कळवू? त्यांनी फोन लावला, बाजूला जाऊन बोलले, परत येऊन म्हणाले, "मशीनमधलाच आकडा कळवा." मी कळवला. पाच वाजताची टक्केवारी दीडच्याही खाली.

सहाला दार बंद केलं. क्लोज दाबलं, पडद्यावर ६. सह्या ८९, नकार ८३, मेळ बसला. सतरा सीच्या प्रती प्रतिनिधींना द्यायच्या असतात. इथं प्रतिनिधीच नव्हते, त्यामुळे गावात त्या आकड्याचा एकही कागद राहिला नाही. सुभेदार बाहेर उभे होते. "किती झाले?" मी सांगितलं. ते म्हणाले, "कुणी वाचंल का?"

केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत दंगा, यंत्रातला बिघाड, बनावट मतदार यांच्या नोंदींसाठी जागा असते. मी वेगळा कागद जोडला. त्यावर गाडी कधीपासून बंद, मुली किती, निवेदनं कोणत्या तारखांची, लोक काय म्हणाले, सगळं लिहिलं.

संकलन केंद्रावर आम्ही पोचलो तेव्हा मध्यरात्र होत आली होती. मागे रांग, सगळे थकलेले. टेबलावरच्या कारकुनानं सतरा सी बघितला आणि पेन पुढे केलं. "सर, रकाना चुकलाय. ८३ वर टाका, ६ खाली." मी म्हटलं, चुकला नाही. त्यानं नायब तहसीलदारांना बोलावलं. त्यांनी उभ्या-उभ्या दैनंदिनी वाचली, जोडलेला कागदही वाचला, शेवटपर्यंत. मग "बरोबर आहे, घ्या" एवढंच म्हणाले.

त्या वेळी राज्यात ६६ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, १९९५ नंतर झालं नव्हतं इतकं, म्हणून कौतुक झालं. कौतुकासारखंच होतं ते. पण टक्केवारीवरून उत्साह आणि उदासीनता मोजणाऱ्यांच्या हिशेबात हे गाव उदासीन ठरलं, ते मला मान्य नाही. उदासीन माणूस रोजगार बुडवून दोन सह्या करायला उन्हात उभा राहत नाही. एवढीच माझी मागणी आहे, की ज्या केंद्रावर दहा टक्क्यांच्या खाली मतदान होतं, तिथं आचारसंहिता संपल्यावर कुणीतरी जाऊन कारण विचारावं आणि ते लिहून ठेवावं. उतार बांधायला एका दिवसासाठी पोचता येतं, तर एवढ्यासाठीही येईल.

शाळा सुरू झाल्यावर जूनमध्ये बीएलओ ताईंना फोन केला. सकाळची एक फेरी चालू झालीय, म्हणाल्या. कुणामुळे झाली ते गावात कुणालाच नक्की माहीत नाही. संध्याकाळची अजून नाही. मुली पास दाखवून जातात आणि येताना वडापला तीस रुपये देतात.